सेंडऑफची तयारी परतीच्या गाडीपासून सुरू करा

माझी मावसबहीण पुण्याला शिकते. मागच्या उन्हाळ्यात आली तेव्हा तिनं मला फोनवर अमेरिकेतल्या शाळांच्या प्रॉमचे व्हिडिओ दाखवले. पायघोळ झगे, मुलीच्या मनगटाला बांधलेली फुलं, लांबलचक गाडी, रात्रीचा नाच, शेवटी एक राजा आणि एक राणी निवडायची. मुलगा आधी मुलीला "येशील का माझ्यासोबत" असं विचारतो, आणि तेही पाट्या रंगवून, सगळ्यांसमोर. प्रॉम हा शब्द प्रॉमनाडचं लहान रूप, म्हणजे मिरवत चालणं. तिथेही जुनी पद्धत अशी की अकरावीच्या मुलांनी बारावीच्या मुलांसाठी सगळं मांडायचं. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण आमच्याकडेही अकरावीच खपते आणि बारावी मिरवते.

बहिणीनं विचारलं, "तुमच्याकडे असतं का गं असं काही?"

म्हटलं, "असतं की. सकाळी अकराला सुरू होतं आणि सव्वाचारच्या गाडीच्या आत संपवावं लागतं."

ती हसली. पण यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून रोज चौदा किलोमीटर जाऊन-येऊन बारावी केलेल्या मुलीला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. माझा सेंडऑफ, म्हणजे बारावीचा निरोप समारंभ, जानेवारी 2025 मध्ये झाला. आता यंदाच्या मुली मला विचारतात, ताई साडी कोणती नेसू, केस कसे बांधू. मी सांगते, थांबा. आधी परत कशा येणार ते सांगा.

तारीख ठरायच्या आधी सरांना गाठा. बारावीची लेखी परीक्षा त्या वर्षी 11 फेब्रुवारीला सुरू होणार होती आणि प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी, म्हणून सेंडऑफ संक्रांतीनंतरच्या आठवड्यातच बसतो. सरांनी रविवार, 19 जानेवारी ठरवली. तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांना रविवार सोयीचा असतो. पण आमच्या गावाला जी मानव विकास या सरकारी योजनेतली निळी एस.टी. येते ती शाळेच्या दिवशीच फिरते. रविवारी आमच्या फाट्यावर कुत्रंसुद्धा उभं राहत नाही. आम्ही चार गावच्या सहा मुली स्टाफरूमच्या दारात जाऊन उभ्या राहिलो.

"सर, रविवारी गाडी नाही जी."

"बरं, मग शनिवारी घेऊ."

"शनिवारी सकाळची शाळा असते सर. गाडी साडेबारालाच परत जाते."

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सतरा तारीख, शुक्रवार. आणखी काही?" आणखी काही नव्हतं. एकटीनं गेलं तर सर "बघू" म्हणतात. सहा जणी गेलं तर कॅलेंडर बघतात. त्यामुळे गावं मोजून जा.

पासचंही लक्षात ठेवा. बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट आहे, पण तो पास घर ते शाळा एवढ्यापुरताच. त्या दिवशी तुम्ही मैत्रिणीच्या गावाला उतरणार असाल तर तिकीट काढावं लागेल. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा वीस-तीस रुपये ब्लाउजच्या आत नाही, पर्समध्ये ठेवा. ब्लाउजमधली नोट घामानं ओली होते आणि कंडक्टर ती उन्हाकडे धरून बघतो. माझा अनुभव आहे.

आता परवानगी. आईला विचारायचं नसतं, आईला नुसतं सांगायचं असतं. विचारायचं बाबांना, आणि त्यात वेळेला फार महत्त्व आहे. जानेवारीत घरोघरी कापूस पडलेला असतो. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता, पण ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की सरकारी खरेदीत कापूस बसत नाही. बाबा ज्या दिवशी कापसाची गाडी घेऊन गेले असतील, त्या दिवशी ती भरलेली परत आली की रिकामी, हे आधी अंगणात जाऊन बघा. भरलेली आली असेल तर सेंडऑफ हा शब्द दोन दिवस तोंडातून काढू नका. मी रिकामी गाडी आलेल्या दिवशी, जेवणानंतर, बाबा सुपारी कातरत असताना विचारलं.

"शाळेत साडी काहून लागते वो?" बाबा म्हणाले.

मी काही बोलायच्या आत आतून आजी म्हणाली, "मंग का पोतं नेसून जाईन का थे?"

बाबा थोडा वेळ सुपारीच कातरत राहिले. मग म्हणाले, "सव्वाचारच्या गाडीनं येजो." झाली परवानगी. यापुढे एक शब्दही बोलायचा नाही, उठून भांडी घासायला जायचं.

वर्गणी आमच्याकडे दीडशे रुपये होती. मी ती वेचाईच्या पैशातून दिली. किलोला दहा रुपये, तिसऱ्या वेच्याला बोंडं बारकी असतात म्हणून एका रविवारी माझा अठरा किलोच झाला. वर तीस रुपये उरले, त्यात कानातले आले. फक्त एक करा, सेंडऑफच्या आठ दिवस आधी वेचणी बंद करा. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसतात आणि फोटोत बोटं सोललेली दिसतात. रात्री खोबरेल चोळून झोपलं की चार दिवसांत हात बरे होतात.

साडीबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

विकत घेऊ नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवामुळे त्या पंधरवड्यात गावातल्या सगळ्या चांगल्या साड्या पेटीबाहेर निघालेल्या असतात. नुसतं वाण लुटायला आईसोबत फिरा आणि डोळे उघडे ठेवा. मला माझ्या मोठ्या आईच्या, म्हणजे थोरल्या काकूच्या, अंगावरची मोरपंखी काठपदर आवडली. पहिल्यांदा नेसणारीनं जॉर्जेटच्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ती अंगावर सुंदर पडते, पण निऱ्या धरत नाही, सुळकन सुटते. काठपदर जरा ताठ असते, ती निरी एकदा घातली की ऐकते. मात्र खूप जरीची, लग्नातली, खांदा मोडणारी नको. तुम्हाला त्या साडीत एस.टी.त चढायचं आहे.

ब्लाउज मोठ्या आईचाच होता, म्हणजे माझ्यासारख्या दोघी मावतील असा. तो शिंप्याकडे देऊन कापून घेऊ नका, दुसऱ्याची वस्तू आहे. आतून दोन्ही बाजूंना धावदोरा घाला, लांब टाक्यांचा, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं. वेगळा रंग यासाठी की परत उसवताना मूळची टीप कोणती आणि आपली कोणती हे कळतं. आणि ज्या मुली स्वतःचा नवा ब्लाउज शिवून घेणार आहेत त्यांनी शिवणाऱ्या काकूंना सांगावं, "काकू, आत दोन बोटं माया ठेवजा." शिवणीत जास्तीचं कापड असलं की तोच ब्लाउज पुढे तीन वर्षं चालतो.

नेसून बघायची तालीम निदान दोनदा करा, आणि ज्या चपला घालणार त्याच घालून करा. अनवाणी नेसलात आणि मग टाचेची चप्पल घातली तर साडी चार बोटं वर जाते, घोटे उघडे. आमच्या वर्गात अशा पाच जणी होत्या, आणि सरांच्या फोटोत त्या पाचही पुढच्या रांगेत आहेत. परकराची नाडी श्वास सोडून नाही, श्वास घेऊन बांधा. नाहीतर जेवायला बसल्यावर कळेल. पिना सहा पुरतात: खांद्याला एक, निऱ्यांना एक, कमरेला मागे एक, पदराच्या आतून एक, आणि दोन मैत्रिणीसाठी. ती विसरलेली असतेच.

चेहऱ्याचं थोडक्यात. नवीन क्रीम, ब्लीच, जे काही पहिल्यांदा करणार असाल ते पाच दिवस आधी करा. मी आदल्या संध्याकाळी ओठांवरचे केस काढले आणि सकाळी तिथे लाल पुरळ घेऊन उठले. पावडर दिव्याखाली लावू नका, अंगणात उजेडात उभ्या राहून लावा. मान आणि चेहरा एका रंगाचा दिसला पाहिजे, एवढंच. आणि जानेवारीत मोगऱ्याचा गजरा शोधत फिरू नका, तो उन्हाळ्यातला. शेवंती मिळते, कुणाच्या दारात कुंद असेल तर कळ्या मिळतात. त्या व्हिडिओतल्या मुली मनगटाला फुलं बांधतात ते मला आवडलं होतं, म्हणून मी उरलेल्या शेवंतीचा तुकडा हाताला बांधला. दुपारपर्यंत तो सुकला आणि हाताला हिरवा डाग पडला. केसांतच ठीक आहे.

आता गाडी. साडी घरून नेसून निघायची की तिकडे जाऊन नेसायची, यावर आमच्यात दोन आठवडे वाद झाला. माझं उत्तर: पिशवीत न्या. सकाळच्या गाडीत दुधाचे कॅन असतात, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं असतात, आणि एस.टी.ची पहिली पायरी गुडघ्याइतकी उंच. माझी मैत्रीण हट्टानं घरून नेसून निघाली. चढताना तिच्याच निरीवर तिचा पाय पडला. कंडक्टर काकांनी दांडा सोडून तिचा दंड धरला म्हणून वाचली, पण निऱ्या सगळ्या हातात. आम्ही बाकीच्या जणी तालुक्याच्या गावात राहणाऱ्या एका मैत्रिणीच्या घरी उतरलो. तिच्या वहिनीनं आम्हा सात जणींना ओळीत उभं करून नेसवलं. वहिनी तोंडात पिना धरून, एकीच्या निऱ्या घालता घालता दुसरीला डोळ्यांनी "सरळ उभी राहा" सांगत होती. असं घर शोधून ठेवा. आणि जाताना हात हलवत जाऊ नका, आम्ही तिळाचे लाडू नेले होते.

परतीच्या वेळेला मात्र साडीतच चढावं लागतं, बदलायला वेळ नसतो. डाव्या हातानं निऱ्या मुठीत धरून पोटरीपर्यंत उचला, उजव्या हातानं दांडा, आणि कुणाच्या तरी मागे चढू नका, पुढे चढा. मागची तुमचा पदर सांभाळते.

कार्यक्रमाचं सांगते. पाहुणे उशिरा येतात. हे गृहीत धरा आणि फोटो त्यांच्या येण्याआधीच काढून घ्या, जेवणाच्या आधी, काजळ जागेवर असताना. मुलगे त्या वेळी मोकळेच असतात. आमच्या वर्गातल्या मुलांत एकच ब्लेझर होता आणि अकरा मुलांचे त्यात फोटो आहेत. ज्याचा होता त्याचाच राहून गेला.

सेंडऑफला फिशपॉन्ड असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डब्यात चिठ्ठ्या, प्रत्येकावर कुणाचं तरी नाव आणि दोन ओळींची टिंगल, लिहिणाऱ्याचं नाव नाही. अकरावीच्या मुलींना माझं सांगणं आहे की सगळ्या चिठ्ठ्या आधी एखाद्या मॅडमकडून वाचून घ्या. रंग, जाडी, कुणाच्या घरची गोष्ट, कुणासोबत नाव जोडणं, हे काढून टाका. ज्या मुलीचं नाव जोडलं जातं तिचं दुसऱ्या दिवशी गावात काय होतं हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला भोगावं लागत नाही. बाकी चालू द्या. माझी चिठ्ठी अशी होती:

घंटा व्हायच्या आधीच दप्तर हिच्या पाठी,
नवरा पाहा कंडक्टर, ही जन्मली गाडीसाठी!

सगळा वर्ग हसला, मीही हसले. ज्यांची चिठ्ठी येईल त्यांनी उभं राहून हसावं आणि बसावं. उत्तर द्यायला गेलात तर तेच वर्षभर लक्षात राहतं. लिहिणारा कोण ते मला कळलं, कारण "पाठी" हा शब्द आमच्या वर्गात एकच मुलगा वापरतो. जेवणाच्या रांगेत त्यानं मला माझी भूगोलाची वही परत दिली, नवं कव्हर घालून. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही. पाट्या रंगवून विचारणारी मुलं आमच्याकडे नसतात.

मनोगत बोलायचं असेल तर दोन मिनिटांचं ठेवा. "आज बोलताना शब्द फुटत नाहीत" असं म्हणून जी सुरुवात करते तिला सगळ्यात जास्त शब्द फुटतात. एक प्रसंग सांगा, माणसासकट. मी शाळेच्या शिपाई काकांबद्दल बोलले. पावसाळ्यात तास लांबला की ते स्वतःहून रस्त्यावर जाऊन गाडीसमोर हात करून उभे राहायचे, आम्ही चिखलातून पळत येईपर्यंत. काका मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. माझं बोलणं संपायच्या आत ते पाण्याचा जार आणायला निघून गेले.

जेवणात पुरी, आलू-वांग्याची भाजी, मसालेभात, कढी आणि बुंदी होती. भाजीवर बोटभर तर्री. पदर कमरेला खोचून, मांडीवर रुमाल टाकून बसा. मी रुमाल टाकला होता, पण वाढणाऱ्या मुलानं पळी माझ्या गुडघ्याजवळ झटकली. मोरपंखी साडीवर रुपयाएवढा पिवळा डाग.

अशा वेळी पाणी लावू नका आणि चोळू तर अजिबात नका. शाळेत आहात, खडू भरपूर आहेत. दोन खडू कुटून त्याची पूड डागावर दाबून ठेवा, ती तेल ओढून घेते. पंधरा मिनिटांनी झटका, परत टाका. घरी गेल्यावर उरलेल्या डागाला साबण लावला तर हळद लालभडक होते, तेव्हा घाबरू नका. साबण धुवून निघाला की ती पुन्हा पिवळी होते, आणि मग उन्हात वाळत घातली की दोन-तीन दिवसांत हळद उडते. उन्हासमोर हळदीचा रंग टिकत नाही. फक्त उन्हात सगळी साडी टाकू नका, डागाची जागाच वर ठेवा, नाहीतर साडीचाच रंग उडेल.

चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना आभार प्रदर्शन सुरू झालं. ही खूण आहे: आभार सुरू झाले की चपला शोधायच्या. आभारात मंडपवाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळे येतात, ते पंधरा मिनिटं चालतं. त्यानंतर स्पीकरवर गाणी लावून नाच होणार होता, मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. तो नाच मी पाहिलेला नाही. आम्ही गाववाल्या मुली एकदम उठलो, चौदा-पंधरा साड्या एकाच वेळी. सरांनी माइकवरूनच म्हटलं, "जा पोरींनो, सांभाळून." गाडी गेटसमोर उभीच होती, आणि तिच्यासमोर हात करून काका.

शेवटचं काम साडी परत करायचं. त्याच रात्री घडी करून देऊ नका. दोन दिवस दोरीवर वाऱ्याला टाका, पिना मोजून काढा, धावदोरा उसवा, ब्लाउज धुवून इस्त्री करा. आणि रिकामी पिशवी परत नेऊ नका. त्या दिवसांत शेतात ओल्या तुरीच्या शेंगा असतात, मी किलोभर नेल्या.

मोठ्या आईनं साडी घेतली आणि तिथेच बाजेवर उकलली. मी आधीच सांगून टाकलं, "मोठ्या आई, भाजीचा डाग पडला होता वो. काढला, पण जरासा राहिला." तिनं काठ उजेडाकडे धरला, बोटानं एक जागा चाचपली.

"हा?"

"हो."

"हा माह्या मंगळागौरीतल्या वरणाचा हाये," ती म्हणाली. "तुह्यावाला कुठं हाये थे दाखव."

आम्ही दोघींनी सगळी साडी पालथी घातली. माझा डाग काही सापडला नाही.